शिळा, खिळा आणि पडदा

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव; दरवर्षी ६ जानेवारीस तेथे पत्रकार जमतात, भाषणे होतात, हार घातले जातात, आणि १८३२ साली त्याच तारखेस मुंबईत निघालेल्या ‘दर्पणा’चे स्मरण यथाविधि केले जाते. या स्मरणविधीत बाळशास्त्र्यांच्या चरित्रातील एक बाब मात्र सहसा कोणी काढीत नाही, आणि छापखान्याच्या धंद्याशी जन्मभर संबंध आल्यामुळे असेल, मला ती इतर पुष्कळ बाबींहून अधिक कुतूहलाची वाटत आली आहे. ती अशी की, या गृहस्थांनी वृत्तपत्र काढताना एक यंत्र पसंत केले आणि ग्रंथ छापताना दुसरे. ‘दर्पण’ निघाला तो सुट्या खिळ्यांच्या साहाय्याने. आणि १८४५ साली, म्हणजे मृत्यूच्या अवघ्या एक वर्ष आधी, त्यांनी ज्ञानेश्वरी छापविली ती शिळेवर.

शिळाप्रेस आणि खिळाप्रेस! आरंभीचे एकच अक्षर बदलून दोन प्रतिस्पर्धी यंत्रांची नावे पाडणाऱ्या आपल्या भाषेचे मला नेहमी कौतुक वाटते. हल्ली मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या कलाविद्यालयांतून शिकून तळकोकणात परतलेली मुले ‘मॅक घ्यावा की विंडोज’ या प्रश्नावर चहाचे पेले निवेपर्यंत भांडतात, आणि त्यांतील एक पक्ष पहिले यंत्र कलावंताचे व दुसरे कारकुनाचे असा निवाडा देऊन मोकळा होतो, तेव्हा हा तंटा पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाने दोन्ही पक्षकारांस हजर करून निकालात काढला होता, हे त्यांस सांगावेसे वाटते. मी सांगत नाही, कारण ती ऐकणार नाहीत. शिवाय स्वभावावरून यंत्र निवडण्याची चैन या किनाऱ्यास फारशी कधी परवडलेलीच नाही. येथे यंत्र ठरविले ते आधी अक्षराने, आणि अक्षरानंतर रस्त्याने.

अक्षराचा अधिकार किती मोठा होता हे पाहावयाचे तर तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात जावे लागते. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यात उतरले. मालवणच्या बंदरापासून ते काही फार दूर नव्हे. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. मराठी ओवीचा सारा डौल अंगी मुरलेले ते काव्य, परंतु छापले गेले ते रोमन लिपीत. कारण यंत्र होते, कागद होता, कवी तर होताच, फक्त देवनागरीचे ठसे नव्हते. मजकूर मराठी, पोशाख लॅटिन. यंत्राला आपली लिपी येत नसेल तर आपणच यंत्राची लिपी शिकावयाची, ही तडजोड मराठीने पत्करल्याचा तो पहिला दाखला होय, आणि अलीकडे दूरध्वनीच्या इवल्याशा पाटीवर रोमन अक्षरांत मराठी निरोप धाडणाऱ्या पिढीला तो अपरिचित वाटू नये.

बाळशास्त्र्यांच्या काळी परिस्थिती थोडी सुधारली होती, परंतु फार नव्हे. देवनागरीचे खिळे पाडणे हे काम मुळातच जिकिरीचे. इंग्रजी अक्षर एकटे उभे राहते; आपले अक्षर डोक्यावर वेलांटी, बाजूस काना, पायाशी उकार आणि शेजाऱ्याच्या गळ्यात हात घालून चालते. इंग्रजी जुळाऱ्याचे काम शे-दीडशे खणांत भागते, तर मराठी जुळाऱ्यापुढे जोडाक्षरांसह कित्येक शे खणांचा पसारा मांडावा लागे. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी या पसाऱ्यास पुष्कळ शिस्त आणली, आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले गणपत कृष्णाजी व पुढे जावजी दादाजी यांनी देशी छापखान्याचा पाया घातला. जावजींनी १८६९ साली स्थापिलेल्या ‘निर्णयसागरा’चे ठसे तर पुढे घराघरांत पोचले. तथापि ही झाली नंतरची गोष्ट. १८३२ साली खिळा हा अजून अडखळत बोलणारा प्राणी होता.

मग ‘दर्पणा’स तोच का? उत्तर पत्राच्या रूपातच आहे. एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी, अशी त्याची मांडणी. बातमी शेवटच्या घटकेपर्यंत बदलणार. एक अंक निघाला की तेच खिळे मोडून दुसऱ्यास लावावयाचे. मोडण्याची व पुन्हा जुळविण्याची ही सोय दगडाला नाही. उलट शिळेचे सामर्थ्य निराळे होते. बव्हेरियातील झोलनहोफेनचा गुळगुळीत चुनखडी दगड, त्यावर उमटविलेले स्निग्ध शाईचे लिखाण आणि तेल व पाणी यांचे हाडवैर, एवढ्या सामग्रीवर झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास ही विद्या सिद्ध केली. आणि तिला कोणतीही लिपी परकी नव्हती, कारण तिला लिपी ठाऊकच नव्हती. लेखनिक जे लिहील ते दगड निमूटपणे उमटवील. ज्ञानदेवांच्या जुन्या शब्दांतील विचित्र जोडाक्षरे असोत की समासात घातलेले चित्र असो, ठसा नाही म्हणून अडण्याचा प्रसंगच नाही. पोथी लिहिणाऱ्या वळणदार हातांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती; शिळाप्रेसने त्या हातांस बेकार न करता नव्या कामावर रुजू करून घेतले. गणपत कृष्णाजींची पंचांगे आरंभी शिळेवरच निघाली यात नवल नाही. मोडीचे तर विचारूच नये. बंगालमधील श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीसाहेबांनी मोडीचे खिळे पाडून पाहिले, परंतु ज्या लिपीचे सारे सौंदर्य लेखणी न उचलण्यात आहे तिचे तुकडे करून पुन्हा सांधणे हे नदीचे पाणी विटांनी बांधण्यासारखे होते, आणि छापील जगात बाळबोधाचा विजय व मोडीची दफ्तरात रवानगी झाली ती या एका कारणानेही झाली.

शिळा हरली ती मात्र अक्षरावर नव्हे. ती हरली वेगावर, आणि प्रतींच्या संख्येवर. विसाव्या शतकात खिळ्याचे राज्य निर्वेध झाले व त्याबरोबर यंत्राच्या सोयीसाठी लिपीचीच छाटणी करावी असे सुचविणारे सुधारक पुढे सरसावले. लोकमान्य टिळकांसारख्या माणसानेही ‘केसरी’च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा खटाटोप दीर्घकाळ केला, सावरकरांनी स्वरांस ‘अ’ची बाराखडी सुचविली, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ‘अि’, ‘अी’ अशी अक्षरे वर्षानुवर्षे छापून वाचकांच्या डोळ्यांस त्यांची सवय लावली. त्या सुधारणा आज कोठेच दिसत नाहीत. माझे मत विचाराल तर त्या टिकल्या नाहीत हे बरेच झाले. जोडा पायाला होत नाही म्हणून बोटे छाटावयाची, यात शहाणपण कोणते?

आमच्या किनाऱ्यावर खिळाप्रेस म्हणजे बहुधा पायाने चालविण्याचे ट्रेडल. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली येथील छापखान्यांत लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका व जत्रेतील दशावतारी नाटकांची हँडबिले निघत. खाऱ्या हवेने लोखंडास तांब चढे. पावसाळ्यात कागद पापडासारखा सादळे. आणि ‘ळ’चे खिळे नेहमी कमी पडत, कारण मालवणी माणसाच्या नावा-गावांत ळकाराची रेलचेल. मी लहानपणी पाहिलेला एक जुळारी ‘ळ’ संपले की पत्रिकेच्या मजकुरातून ‘मंगल’ ठेवून ‘सोहळा’ काढी आणि ‘समारंभ’ घाली. यंत्राने माणसाचा मजकूर बदलण्याचे इतके सौम्य उदाहरण मी पुढे पाहिले नाही. याच मालवणात १९२९ साली जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ पासून ‘कालनिर्णय’ घरोघरच्या भिंतीवर नेले. त्याची छपाई अर्थातच मुंबईची, परंतु पंचांगासारखा गुंतागुंतीचा, चौकटीचौकटींचा मजकूर लक्षावधी घरांत न्यावयाचा तर छापण्याच्या साधनाचा विचार आधी करावा लागतो, ही जाण त्या गृहस्थास होती यात शंका नाही.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तथापि पुढे या जिल्ह्यातील छापखान्यांत जे घडले त्याचे मूळ त्या संगणकाच्या घडणीत होते म्हणून ही नोंद. त्या यंत्राचे पोट उघडे होते: आत रिकामे खण, त्यांत कोणीही आपले कार्ड बसवावे, कोणीही त्याची नक्कल उतरवावी. अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश १९८४ च्या जानेवारीत आला तो अगदी निराळ्या कुळाचा. त्याचे पोट मालकाच्या हुकुमाशिवाय उघडावयाचे नाही, परंतु चेहरा असा की पाहत राहावे. कागदावर जे उमटणार ते पडद्यावर आधी दाखविणारे ते पहिले लोकप्रिय यंत्र; आणि १९८५ साली त्याच्या जोडीस लेझर छपाईयंत्र व आल्डस कंपनीचे ‘पेजमेकर’ येताच, जुळारी, मांडणीकार व चित्रकार या तिघांची कामे एकाच मेजावर आली. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द तेव्हाचा. आपण त्याचे ‘डीटीपी’ केले आणि मराठी शब्द म्हणून वापरू लागलो.

मुंबईच्या जाहिरात-संस्थांनी मॅकिंटॉश उचलला हे स्वाभाविक होते. त्यांचा बराच मजकूर इंग्रजी, त्यांचे गिऱ्हाईक धनवान, आणि रंगांची पारख हाच त्यांचा व्यापार. १९९० साली निघालेले ‘फोटोशॉप’ हेही प्रथम मॅकिंटॉशवरच आले, विंडोजवर ते उतरावयास आणखी दोन-तीन वर्षे लागली. गुणांचा विचार केला तर पारडे कोणीकडे झुकत होते याविषयी वाद नको. परंतु मराठी मजकुराच्या बाबतीत निकाल गुणांवर लागला नाही.

कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकास शिकविण्याचा जो उद्योग चालला होता तो १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आला, आणि तेथून ‘जिस्ट कार्ड’ बाहेर पडले. आयबीएमच्या पद्धतीच्या कोणत्याही संगणकाच्या रिकाम्या खणात ते बसवावे की काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. ते पाहताना अंगावर काटा आल्याचे मला स्मरते. उघड्या पोटाचा उपयोग असा झाला: परक्या देशातील यंत्रात पुण्याच्या अभियंत्यांनी आपली लिपी अक्षरशः आत घातली. मॅकिंटॉशवर देवनागरी आलीच नाही असे नव्हे. अ‍ॅपलने १९९० च्या दशकात भारतीय भाषांसाठी स्वतंत्र संच काढला होता. परंतु तोवर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगळुरूची ‘आकृती’ आणि सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांनी आयबीएम पद्धतीच्या यंत्रांवरील विंडोजच्या आवारात तळ ठोकला होता, आणि कळफलक इन्स्क्रिप्टचा हवा की टंकलेखनयंत्राच्या जुन्या वळणाचा, हेही गिऱ्हाइकाने सांगावे व त्यांनी द्यावे, अशी व्यवस्था लागली होती. मामलेदार कचेरीसमोर बसून अर्ज टंकणाऱ्याला बोटांची सवय न मोडता संगणकावर बसता आले ते यामुळे.

दुसरे कारण म्हणजे रस्ता. मॅकिंटॉश बिघडला तर त्याचा वैद्य मुंबईत. विंडोजचे यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन कोणीतरी जुळवून दिलेले, आणि ते दुरुस्त करणारा पोरगा कुडाळात नाही तर घाट चढून कोल्हापुरात किंवा बेळगावात मिळे. कोकण रेल्वे पूर्ण वाहती झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. तोपर्यंत सारी भिस्त एस.टी.वर. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इतिहास लिहिताना ती गाळणे हा अप्रामाणिकपणा होईल: विंडोजवरील सामग्रीच्या नकला हातोहात फुकट मिळत. ‘पेजमेकर’ व ‘कोरल ड्रॉ’ या दोहोंचे रीतसर पैसे मोजणारे छापखानदार या जिल्ह्यात किती होते, हे विचारून मी कोणास अडचणीत आणणार नाही.

श्रीलिपीची मात्र नक्कल होत नसे. तिच्याबरोबर एक लहानसे कुलूप येई. संगणकास छपाईयंत्र जोडण्याच्या खोबणीत ते बसविल्यावाचून अक्षर उमटावयाचे नाही. आणि प्रत्येक कंपनीचे अक्षर-कोष्टक निराळे. ज्या सांकेतिक आकड्यावर एकीचा ‘क’, त्याच आकड्यावर दुसरीचा ‘ठ’. इंग्रजीत जो मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येई, तो मराठीत ज्याचा फाँट त्याच्याच घरी वाचता येई. साऱ्या जगात मॅक विरुद्ध विंडोज असे दोन तट होते. मराठीत विंडोजच्या तटबंदीच्या आतच दहा किल्लेदार, आणि कोणाचा दरवाजा कोणासाठी उघडत नसे.

याचा प्रसाद मलाही मिळाला. एका गावच्या देवस्थानाची स्मरणिका मी तीन आठवडे खपून मांडली, फ्लॉपीत भरली, पिशवीत नारळ-सुपारीबरोबर घालून रात्रीच्या गाडीने घाटावरच्या एका ऑफसेट छापखान्यात नेली. तेथील यंत्रही विंडोजचेच, ‘पेजमेकर’ही तोच, फाँटची आवृत्ती तेवढी एक पायरी मागची. पडद्यावर पाहतो तो प्रत्येक ‘ज्ञ’च्या जागी चौकोन आणि प्रत्येक ‘श्री’च्या जागी उद्गारचिन्ह. देवस्थानाच्या स्मरणिकेत ‘श्री’ किती वेळा येतो याची कल्पना वाचकांनी करावी. त्या दिवसापासून मी फाइल नेणे सोडले. घरीच ट्रेसिंग कागदावर लेझरने छाप काढावयाची, गुंडाळी करून नळीत घालावयाची, व ती प्लेट करण्यास धाडावयाची. पुष्कळ छापखानदारांनी हाच मार्ग धरला होता. म्हणजे पाहा, एवढा संगणक आला, परंतु घाट चढून गेला तो शेवटी लिहिलेला कागदच. शिळाप्रेसच्या लेखनिकास हे पाहून काही नवे वाटले नसते.

या किल्लेदारीस सुरुंग लागला तो युनिकोडमुळे. सर्व लिप्यांतील प्रत्येक वर्णास जगभर एकच क्रमांक, ही त्याची प्रतिज्ञा. त्याचा पहिला खंड १९९१ सालचा, परंतु सामान्य माणसाच्या पडद्यावर देवनागरी खऱ्या अर्थाने उतरली ती विंडोज २००० मध्ये. त्यातील ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडविलेला. कोल्हापूरचा हा सुलेखनकार, जाहिरात-व्यवसायात मुरलेला, कवितेशीही नाते असलेला. त्याच्या हातून निघालेले अक्षर साऱ्या देशाच्या कचेऱ्यांत पोचले. तरी मराठी डोळ्यास ‘मंगल’मधील ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे म्हणून खटकत राहिले, आणि खटकावेत हे योग्यच. किनाऱ्यावरच्या माणसाची दुसरी एक तक्रार होती. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा. हे दोन शब्द रफार व आडवा अर्धा र यांच्या भेदावर उभे आहेत. मराठीखेरीज फारच थोड्या भाषांस लागणारा हा आडवा र नव्या व्यवस्थेत कसा लिहावयाचा, हे पुष्कळांस बरीच वर्षे उमगले नाही, आणि मालवणचा दर्या छापील मजकुरात अधूनमधून सह्याद्रीच्या दऱ्यांत जाऊन पडे.

येथे मॅकिंटॉशच्या बाजूने एक शब्द बोलला पाहिजे. युनिकोड दोघांचेही, परंतु वर्णांपासून जोडाक्षर सांधण्याची रीत दोन घरांत अनेक वर्षे भिन्न राहिली. विंडोजसाठी घडविलेला मराठी फाँट मॅकवर नेला की अक्षरे सुटी होऊन पाय मोडलेल्या शिपायांसारखी ओळीत उभी राहत. तो दोष यंत्राच्या कलादृष्टीचा नव्हता. आपली लिपी त्याच्या कारखान्यात उशिरा पोचली एवढेच. मांडणीचे ‘इनडिझाइन’ देखील देवनागरी नीट सांधू लागले ते २०१२ च्या आवृत्तीपासून, दोन्ही यंत्रांवर. त्यानंतर ‘मुक्त’ व ‘बलू’सारखे खुले फाँट मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी काढले, आणि मराठी मजकुरापुरता तरी मॅक व विंडोज यांतील भेद बराचसा मावळला. आता मुलांनी स्वभावाप्रमाणे यंत्र निवडावे. त्यांस ती चैन प्रथमच परवडते आहे.

कुडाळच्या बाजारपेठेत एका तरुण चित्रकाराच्या खोलीत मी अधूनमधून जातो. जत्रेच्या दशावतारी नाटकांची पत्रके, काजूच्या डब्यांची वेष्टने, लग्नपत्रिका अशी त्याची कामे. मेजावर चंदेरी मॅक आहे, त्यावर तो काम करताना पाहणे सुखाचे वाटते. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून ठेवलेले एक पिवळट पडलेले विंडोजचे यंत्र आहे. मागच्या बाजूस छपाईयंत्राची जुनी रुंद खोबण, तिच्यात ते लहानसे कुलूप, आणि पावसाळ्यात दमट हवा लागू नये म्हणून शेजारी दिवसरात्र जळणारा एक दिवा. देवस्थाने, शाळा, सहकारी सोसायट्या यांचा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर त्या कुलपाच्या आत आहे, व तो अन्य कोठे उघडत नाही. गिऱ्हाईक दारात येऊन जुन्या अहवालाची किंवा पत्रिकेची गोष्ट काढते, तेव्हा तो मान वर न करता एकच प्रश्न विचारतो: “मजकूर श्रीलिपीत आसा की युनिकोडात?” आणि मिळालेल्या उत्तरावरून कोणत्या खुर्चीत बसावयाचे ते ठरवितो.